झोका परतण्याआधी

शुश्रूषा म्हटले की आज आपल्याला रुग्णाच्या उशाशी बसून केलेली सेवा आठवते. शब्दाच्या मुळाशी मात्र ‘ऐकण्याची इच्छा’ आहे. प्राचीनांनी हा गुण शिष्याच्या ठायी अपेक्षिला. गुरूने बोलावे, शिष्याने कान देऊन ग्रहण करावे, अशी ती व्यवस्था होती. गुरूलाही या गुणाची तितकीच गरज असते, हे फारसे कुणी बोलून दाखवले नाही. कदाचित बोलणारे सगळे गुरूच होते म्हणून. अनिपाला हा गुण जन्मतः लाभला नव्हता. चौतीस वर्षे अध्यापन करूनही तो तिच्याकडे आला नाही. तो तिने एकसष्टाव्या वर्षी मिळवला, नातीच्या मौनापुढे हरल्यानंतर. म्हणून मला तो जन्मजात गुणाहून अधिक वंदनीय वाटतो.

किर्गिझ डोंगरांतल्या चेट-बुलाक गावच्या शाळेत अनिपा किर्गिझ भाषा शिकवीत असे. सारे गाव तिला ‘एजे’ म्हणे. एजे म्हणजे मोठी बहीण, आणि शाळेत गेलेल्यासाठी बाईसुद्धा. तिच्या वर्गात खडू फळ्यावर घासल्याचा आवाज तेवढा ऐकू येई. तिचे उच्चार स्वच्छ, व्याकरण चोख. प्रश्न विचारून ती मुलाकडे पाही. मूल क्षणभर अडखळले की उत्तर स्वतःच देई आणि पुढच्या बाकाकडे वळे. मुलांना भाषा घरी-दारी मिळतच होती, त्यामुळे ही उणीव कुणाच्या लक्षात आली नाही, तिच्याही नाही.

निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात ती लक्षात आली. जाइलूवरचे, म्हणजे वरच्या कुरणांवरचे, दिवस संपत आले की तंबू उतरवण्याआधी तिथे सहा खांबांचा मोठा झोका बांधतात. दोन मुली समोरासमोर फळीवर उभ्या राहतात आणि एकमेकींना पद्यातून डिवचतात. झोका जाऊन परत येईतो उत्तर यावे, अशी अपेक्षा असते. तीनदा परत येऊनही उत्तर न देणारी हरते आणि खाली उतरते. तोंडाळपणाची ही परीक्षा अनिपाच्या आईने दिली होती, अनिपानेही दिली होती. त्या वर्षी तिची अकरा वर्षांची नात आकमारल आई-वडिलांबरोबर क्रास्नोयार्स्क या रशियन शहरातून आली होती. ते दोघे तिथे बेकरीत कामाला. मुलगी रशियन शाळेत. कुणीतरी हौसेने तिला फळीवर चढवले. समोर शेजारीण उपोलची नात सालकिन. सालकिनने वेण्या मागे टाकल्या आणि सुरुवात केली:

“दुरून आली पाहुणी गं, बूट तिचे लाल,
मेंढीसुद्धा ‘बें’ म्हणते, हिचे शिवलेत का गं गाल?”

झोका गेला, आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. आकमारलने दोर घट्ट धरले होते. तिला अर्थ कळला होता, हे तिच्या चेहऱ्यावरून उघड होते. ओठांवर मात्र काही येत नव्हते. तिसऱ्या खेपेला ती उतरली, तंबूत गेली आणि आईला रशियनमध्ये म्हणाली की मी इथे पुन्हा कधी येणार नाही.

“आपा, पुढच्या वर्षी तिला आग्रह करू नका,” सून जाझगुल सासूला म्हणाली. “मी एकदा आणीन ओढून, दोनदा आणीन. नंतर ती ऐकणार आहे का माझं?”

उपोल मात्र बोचकारल्याशिवाय राहिली नाही. दोघी एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आल्या होत्या, आणि चाळीस वर्षे एकमेकींना डिवचण्यात दोघींचे आयुष्य रुचकर झाले होते. “काय गं एजे, गावभर जिभा वाटल्यास, आणि घरात एकही शिल्लक ठेवली नाहीस?”

अनिपा हसली नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये नात आली नाही तर नंतर ती येणारच नाही, हे तिला दिसत होते. मग आजी आणि नात यांच्यात सणावारी पाठवलेली छायाचित्रे तेवढी उरतील.

मुलगा जाताना जुना मोबाइल ठेवून गेला होता. सप्टेंबरपासून अनिपाने त्यावरून ध्वनिसंदेश पाठवायला सुरुवात केली. “धडा पहिला. ऋतू चार आहेत.” शाळेतलाच आवाज, शाळेतलेच पुस्तक. घरात संपर्क कधी मिळे, कधी नाही; खात्रीने मिळे तो मेंढवाड्यामागच्या टेकाडावर. थंडीत बॅटरी मरू नये म्हणून ती मोबाइल मेंढीच्या कातड्याच्या कोटात, काखेशी धरून वर चढे. संदेश ऐकला गेला की त्याच्या शेजारी निळी खूण उमटते, हे तिला ठाऊक होते. दोन धड्यांपुढे खूण उमटली. उरलेले चौदा करडेच राहिले.

नोव्हेंबरात एका दुपारी बोचऱ्या वाऱ्यात उभी राहून तिने ते चौदा करडे संदेश मोजले, आणि तिचा तोल गेला. पुस्तक काखेत मारून ती मोबाइलवर ओरडली:

“सोळा धडे धाडले गं, एकही नाही कानी,
कुरुताचे बोळे घालून बसलीस का गं राणी?”

वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे कानात घातलेली नात डोळ्यांपुढे येऊन तिचे तिलाच हसू आले. टेकाड उतरून ती घरी पोचते न पोचते तोच मोबाइल थरथरला. ती तशीच धापा टाकीत पुन्हा वर गेली. आकमारलचा आवाज होता, दबलेला, खोलीत घुमणारा. किर्गिझ मोडकीतोडकी:

“कान आहे. धडा वाईट. एने म्हातारी घोडी.”

एने म्हणजे आजी. म्हाताऱ्या घोडीने तो संदेश सात वेळा ऐकला. तीन वाक्यांत तीन चुका होत्या, आणि चौतीस वर्षांत प्रथमच तिला एकही दुरुस्त करावीशी वाटली नाही.

संध्याकाळी जाझगुलचा फोन आला. “आपा, तुम्ही काय सांगितलंत तिला? न्हाणीघरात कोंडून घेतलं होतं तिनं. दारापाशी कान लावला तर तेच तेच वाक्य म्हणते आणि पुसते, म्हणते आणि पुसते. वीसदा तरी केलं असेल!”

अनिपा चुलीशी बसून यावर विचार करीत राहिली. वर्गात तिने प्रत्येक मुलाला एकच संधी दिली होती, तीही चाळीस जोड्या डोळ्यांसमोर. या यंत्राने मुलीला एकांत दिला होता. वीस वेळा चुकण्याची मुभा दिली होती, आणि त्यांतले कोणते बोलणे जगासमोर जावे हे ठरवण्याचा अधिकारही. आपल्याला इतकी वर्षे हे सुचले नाही, याची तिला लाज वाटली. पण लाजेहून उत्साह मोठा होता.

उत्साहाच्या भरात तिने तिची जुनीच चूक नव्या रीतीने केली. दर एक-दोन दिवसांनी एक टोमणा आणि त्याखाली त्याचे उत्तरही ती स्वतःच रचून पाठवू लागली. नात पाठ करी आणि म्हणून दाखवी. हिवाळा सरेतो साठ जोड्या तयार झाल्या. उच्चार स्वच्छ, यमक चोख. मार्चमध्ये उपोल चहाला आली तेव्हा अनिपाने अभिमानाने मोबाइल पुढे केला. “घे, विचार तिला काहीही.”

उपोलने तोंड जवळ नेले. “काय गं आकमारल, तुझ्या आजीचा चहा इतका पातळ का? आमची मांजर त्यात तोंड धुऊन गेली!”

थोड्या वेळाने उत्तर आले. लयबद्ध, निर्दोष, आणि शेजाऱ्याच्या आंधळ्या उंटाविषयी.

उपोल पोट धरून हसली. “एजे, नातीच्या तोंडात तूच बसली आहेस गं! जरा सरक की बाजूला, पोरीला श्वास घेऊ दे.”

अनिपाने किटली उचलली आणि खाली ठेवली. बोलणे खरे होते. झोक्यावर सालकिन पाठ केलेला टोमणा थोडाच मारणार होती? आणि मुलीला साठ उत्तरे देऊन तिने तिच्याकडून एकसष्टावे हिरावून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी ती उपोलच्या घरी गेली. सालकिन अंगणात लोकर पिंजत होती.

“सालकिन, माझं एक काम आहे तुझ्याकडे. आकमारलला रोज डिवचायचं. तुला सुचेल तसं. मी मध्ये पडणार नाही.”

आतून उपोलचा आवाज आला, “वा गं वा! माझ्या नातीनं धार लावून द्यायची, आणि ऑगस्टमध्ये त्याच सुरीनं कापून घ्यायचं?”

सालकिन लोकरीवरून मान वर न करता म्हणाली, “गेल्या वर्षी मी जिंकले म्हणतात सगळे. मुक्या पोरीपुढे जिंकले, त्यात काय जिंकणं! मला मजाच आली नाही. द्या तिचा नंबर, एजे. पण रडली तर मी थांबणार नाही.”

“थांबू नकोस,” अनिपा म्हणाली.

तिघींचा एक गट झाला, आणि एप्रिलपासून अनिपाच्या मोबाइलवर दोन मुलींचे भांडण नांदू लागले. नियम झोक्याचाच: संदेश उघडला की दहा मोजायच्या आत उत्तर बोलायचे, पुसायचे नाही. पुसण्याचा काळ संपला आहे, हे आकमारलनेच ठरवले. अनिपाला ते नंतर कळले. सुरुवातीला उत्तरे लंगडी होती. एकदा नुसतेच “तू! तू तर... तू!” एवढे आले, आणि सालकिनने त्यावर आठवडाभर मजा केली. अनिपा काहीच बोलत नसे. घोड्या दुहून झाल्या की मधल्या वेळात टेकाडावर बसून ती फक्त ऐके, आणि नातीला जो शब्द सापडला नाही तो वहीत टिपून ठेवी. मग त्या आठवड्यात कधीतरी, भलत्याच विषयावर गप्पा मारताना, तो शब्द दोन-तीनदा सहज वापरी. मुलगी तो उचले. आपण उचलला हे तिला कळतही नसे.

भांडणाची गोडी पसरायला वेळ लागत नाही. जाझगुलच्या बेकरीतल्या मैत्रिणींच्या मुली त्यात शिरल्या, मग त्यांच्या मावसबहिणी. जूनपर्यंत एकोणीस मुली झाल्या. त्यांच्या आया अनिपाला विचारीत, “एजे, कोणता धडा चाललाय?” ती सांगे, “मला काय विचारता, शिकवतंय कोण इथं?”

ऑगस्टमध्ये आकमारल आली. कुणी ओढून आणले नव्हते; झोका कोणत्या दिवशी बांधणार, हे जूनपासून तीच विचारीत होती. फळीवर दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. अनिपा माणसांच्या मागच्या रांगेत बसली. पुढे बसली असती तर तिचे ओठ हलले असते, आणि नातीने ते पाहिले असते.

सालकिनने झोक्याला वेग दिला.

“शहरात म्हणे घोडं नाही, घोडं दिसतं चित्रात,
खोगीर घालून बसतेस का गं बसच्या उघड्या दारात?”

झोका अर्ध्यावरही आला नव्हता.

“बसला माझ्या शेपूट नाही, लाथ नाही मारत,
तुझी घोडी तुला सोडून एकटीच येते परत!”

जूनमध्ये सालकिन ओढ्यात पडली होती आणि घोडी रिकाम्या खोगिराने तंबूशी आली होती, हे साऱ्या जाइलूला ठाऊक होते. म्हातारे मांड्या थोपटून हसले. “अरे, ही तर आपलीच निघाली!” कुणीतरी ओरडले. सालकिनने दात आवळले.

“वेणी तुझी बोटाएवढी, धरू म्हटलं तर निसटे,
माझ्या वेणीस बांधलं तर शिंगरू नाही सुटे!”

झोका गेला. आकमारल गप्प होती. झोका परत आला. मागच्या रांगेत अनिपाने कोटाची बाही मुठीत धरली. तिच्यापाशी या टोमण्याचे उत्तर नव्हते. तिने शोधलेच नव्हते. दुसऱ्यांदा झोका वर गेला, आणि अगदी टोकाला, दोर क्षणभर सैल पडतात तिथे, आकमारलच्या डोळ्यांत काहीतरी चमकले.

“वेणीस शिंगरू बांधतेस ना? विसरलं ते घोडीला,
आई समजून चाटत बसतं रोज तुझ्या वेणीला!”

सालकिनने उत्तरासाठी तोंड उघडले आणि त्यातून हसू बाहेर पडले. तिने ओठ चावले, मान फिरवली. पण स्वतःची ओली वेणी आणि ते लोचट शिंगरू तिला दिसले होते, आता इलाज नव्हता. झोका एकदा परतला, दोनदा परतला, तिसऱ्यांदा परतला. सालकिन दोराला लटकून हसतच होती, आणि समोर आकमारलही हसत होती. खाली जो गलका उठला त्याने बांधलेले घोडे दचकले.

उपोल गर्दीतून वाट काढीत मागे आली. “हरली माझी सालकिन,” ती म्हणाली, आणि अनिपाच्या पाठीत तिने एक सणसणीत थाप घातली. “पण काय हरली गं! असं हरायला मिळालं असतं तर मीसुद्धा एखाद वेळी हरले असते.”

“तू हरली आहेस की. माझ्याकडून. दोनदा.”

“आठवत नाही बाई मला.”

तेवढ्यात आकमारल धावत आली. चेहरा लाल, श्वास लागलेला. “एने, पाहिलंस? आणि ते चुलते म्हणतात झोका हळू होता म्हणून जमलं! कोण म्हणतं हळू होता? थांब, मी बघतेच त्यांच्याकडे!” आणि ती चुलत्यांशी भांडायला निघून गेली, अस्खलित, मागे वळून न पाहता. कोणत्या भाषेत आपण बोललो, याचे भान तिला नव्हते. अनिपाने ते पाहिले आणि तिला आणखी काही नको होते.

यानंतर ती सहा वर्षे जगली. दर एप्रिलला नव्या मुली येत. ती त्यांना दोन-दोनच्या जोड्या लावून देई आणि टेकाडावर ऐकत बसे. सातव्या वसंतात, घोड्या व्यायच्या दिवसांत, ती झोपेतच गेली. चेट-बुलाकच्या वरच्या बाजूला तिची कबर आहे.

आज आठ शहरांतल्या दोनशे अकरा मुली या खेळात आहेत. आकमारल क्रास्नोयार्स्कमधून आणि सालकिन गावातून तो चालवतात. जतन करून ठेवलेले संदेश नऊ हजारांहून अधिक आहेत; त्यांत अनिपाच्या आवाजातले तीनशेही नाहीत, बाकी सगळे मुलींचे आहेत.