मानाची फेरी

आमच्या घरात दोन पक्ष होते. एक पाळण्यात बसणाऱ्यांचा आणि दुसरा न बसणाऱ्यांचा. पहिल्या पक्षात आई एकटी, दुसऱ्यात अण्णा एकटे. मी सहकारी निवडणुका पाहून शहाणा झालेला, त्यामुळं दोन्हीकडं होतो.

पाळणा म्हणजे गावच्या उरुसात येणारा लाकडी आकाशपाळणा. मधे जाड आस, चार दिशांना चार पाळणे आणि ते हातानं फिरवायला चाँदभाई नि त्याची दोन तगडी माणसं. (गावात वीज होती, पण ती केव्हा असेल याचा नेम नव्हता. चाँदभाईचा भरवसा माणसांवर.) आई दरवर्षी न चुकता या पाळण्यात बसायची. बांगड्या नंतर, शेवचिवडा नंतर, आधी पाळणा. आणि अण्णा तितक्याच निष्ठेनं दरवर्षी विरोध करायचे.

"जिथं बसलो तिथंच उतरायचं, तर गेलो कुठं?" हा अण्णांचा सवाल.

"वर," हे आईचं उत्तर.

अण्णा दूध सोसायटीचे चेअरमन होते. उत्तर सापडलं नाही की विषय पुढच्या सभेवर ढकलायची त्यांना सवय होती, तसा हा विषय ते पुढच्या उरुसावर ढकलत. मी मात्र सोबत म्हणून आईशेजारी पाळण्यात बसायचो आणि खाली आल्यावर "यंदा लई वर नेलं बरं का" असं चार माणसांना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं बोलायचो.

त्या वर्षी माझं लग्न ठरत होतं. खरं म्हणजे ते बरीच वर्षं ठरतच होतं. दुष्काळात कुणी लग्नाचं नाव काढत नव्हतं आणि दुष्काळ सरला तोवर माझं कपाळ मागं सरकायला लागलं होतं. मग ढोकीच्या साखर कारखान्यात मला काट्यावर कारकुनाची कायम नोकरी लागली. उसाच्या गाड्यांची वजनं करता करता माझं स्वतःचंही वजन वाढलं (म्हणजे गावातलं, अंगावर काही चढलं नव्हतं), आणि उमरग्याहून स्थळ आलं.

मुलगी पाहिली. सुमन तिचं नाव. तिनं पोह्यांची बशी ठेवताना माझ्याकडं एकदाच पाहिलं, पण असं पाहिलं की मी नंतर पोह्यांतली मिरची शेंगदाणा समजून चावली आणि चेहरा हसराच ठेवला. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, असं मी तेव्हाच ठरवलं. आता ठरवायचं होतं तिच्या वडलांनी.

तिचे वडील हेडमास्तर. सगळा तालुका त्यांना गुरुजी म्हणायचा आणि जरा लांबूनच म्हणायचा. मध्यस्थी करणाऱ्या मामांनी बजावलं होतं, "माणूस सोन्यासारखाय, पण जत्रा, उरूस, तमाशा असलं काय खपत न्हाय. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पोरांची हजेरी दोनदा घेतोय." आणि हेच गुरुजी आमचं घरदार बघायला येणार होते. त्यांना सवड फक्त एकाच रविवारी होती. तो रविवार उरुसाचा होता.

आदल्या दिवशी घरात सभा भरली. अण्णांनी ठराव मांडला, की यंदा पाळणा रद्द.

"गुर्जी यायच्या आधी एक फेरी मारून येते की," आई म्हणाली.

"कुणी सांगितलं त्यास्नी तर?"

"आई, माझ्या लग्नाचा प्रश्न आहे गं," मी म्हणालो.

 आई परातीतलं पुरण उगीचच पुन्हा पुन्हा मळत राहिली. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर पोह्यांची बशी आठवली आणि कमी वाटलं.

गुरुजी आले. काठीसारखे सरळ नि सडपातळ, पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी. सोबत त्यांच्या पत्नी माई, अंगानं भरदार, तोंडभर हसणाऱ्या. घर पाहून झालं, गोठा पाहून झाला, पुरणपोळी झाली. गुरुजींनी मला कारखान्याच्या काट्याबद्दल विचारलं.

"मी लांबून नुसती गाडी बघून वजन सांगतो," मी म्हणालो. "फरक पडला तर मोळीभर."

गुरुजींनी मान डोलावली. अण्णांनी मला हळूच चिमटा काढला, म्हणजे चांगलं चाललं होतं. सुपारीचं ताट आत तयार होतं. तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "जरा पाय मोकळे करू. गावही बघणं होईल."

गावात कुठंही जायचं तरी रस्ता उरुसातूनच जायचा. अण्णांनी पाहुण्यांना जिल्हा परिषदेची शाळा, सोसायटीची इमारत, मारुतीचा पार अशी एकेक निर्व्यसनी ठिकाणं दाखवत पुढं नेलं. आई पदर कपाळापर्यंत ओढून माईंच्या आडून चालत होती. आम्ही पाळण्याला जवळजवळ ओलांडलं होतं, आणि चाँदभाईनं हाक मारली.

"भाभी! यंदा उशीर केलात. तुमचा पाळणा सकाळपासून राखून ठेवलाय, कुणाला बसू दिलं नाही!"

आई थांबली. गुरुजी थांबले. अण्णांनी आभाळाकडं बघितलं.

"तुम्ही यात बसता?" गुरुजींनी विचारलं.

आई खोटं बोलत नसे. "वर्सातनं एकदा," ती म्हणाली.

"कशासाठी?"

"आता ते बसल्याबिगर कसं सांगू, गुर्जी? तुमी बसून बघा की." आणि मग पाहुण्याला सगळंच दोनदा विचारायचं असतं म्हणून तिनं पुन्हा विचारलं, "बसताव का?"

हे तिनं निव्वळ रीतीपुरतं विचारलं होतं. जेवलेल्या माणसाला आपण "अजून एक पोळी?" विचारतो, तसं. समोरचा नको म्हणतो आणि विषय संपतो. पण गुरुजी मुलीचे बाप होते. मुलाच्या आईनं आग्रह केल्यावर मुलीच्या बापानं नाही म्हणायचं नसतं, आणि तेही सुपारी फुटायच्या आधी!  गुरुजींनी टोपी नीट केली, माईंकडं बघितलं आणि म्हणाले, "आपली इच्छा असेल तर बसू."

आता आईची इच्छा नाही असं आम्हाला म्हणता येईना, कारण तो पाहुण्यांचा अपमान. आईनं बसू नये म्हणून सकाळपासून ज्यांनी खटपट केली, त्या आम्हालाच सगळ्यांना मानानं पाळण्याकडं न्यावं लागलं. चाँदभाई तर खूश. त्यानं बाकीची गर्दी हटवली. "सोयऱ्यांची मानाची फेरी! दुसरं कुणी बसायचं नाही!"

कुणी कुठं बसायचं हा प्रश्न आला तेव्हा चाँदभाई मला म्हणाला, "तुम्ही काट्यावरचे. वजन बघून तुम्हीच बसवा."

मी पुढं झालो. सासऱ्यांपुढं कसब दाखवायची याहून चांगली संधी कुठली? पण एका पाळण्यात दोघंच मावत. गुरुजींशेजारी आईला कसं बसवणार? आणि माईंशेजारी मी कसा बसणार? तेव्हा गडी एका पाळण्यात, बायका समोरच्या पाळण्यात, असं मी मानपान बघून बसवलं. म्हणजे एकीकडं काडीसारखे गुरुजी नि मी, आणि दुसरीकडं आई नि माई. आयुष्यात एकदाच सासरच्या माणसांसमोर वजन करायची वेळ आली आणि त्या वेळी मी काट्याकडं बघितलंच नाही.

अण्णा खाली उभे राहिले, सगळ्यांच्या चपला सांभाळत.

फेरी सुरू झाली. बायकांचा पाळणा वर न्यायला चाँदभाईच्या माणसांना दर वेळी दातओठ खावे लागत. तिकडं गुरुजी आणि मी मात्र पाखरासारखे वर जायचो. चार-पाच फेऱ्यांत ती दोन माणसं घामानं निथळून बसली, आणि पाळणा जिथं थांबायचा तिथंच थांबला. आई नि माई जमिनीलगत. गुरुजी नि मी पार वर.

आता एक गोष्ट सांगणं भाग आहे. मी दरवर्षी आईशेजारी पाळण्यात बसायचो हे खरं. पण डोळे गच्च मिटून बसायचो. वरून काय दिसतं हे मला कधीच माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती. त्या दिवशी पाळणा वर थांबला आणि हलायला लागला, तेव्हा मी नेहमीसारखे डोळे मिटले आणि हाताला जे लागलं ते धरलं. ते गुरुजींचं मनगट होतं.

खालून चाँदभाई ओरडला, "घाबरू नका! ह्या दोघी उतरल्या की वजन हलकं होतंय, वरचे खाली येतेत. दोरानं धरतो आम्ही. उतरा भाभी!"

"म्या?" आई म्हणाली. "व्याही वर लटकलेत नि म्या आधी उतरू? लोक काय म्हणतील? आधी पाव्हण्यास्नी उतरवा."

"त्यांना उतरवायचं म्हणूनच तुम्ही उतरा की!"

"मग माई उतरतील. तुमी उतरा माई, तुमी पाव्हण्या."

"बया, म्या कशी उतरू?" माई म्हणाल्या. "जावईबापू वर हायत. मुलाच्या आईच्या आधी म्या पाय टेकवू व्हय? तुमी आधी."

"न्हाय, तुमी आधी."

वर मी डोळे मिटून हे ऐकत होतो. जावईबापू म्हणाल्या! आई व्याही म्हणाली होती! माझं लग्न खाली ठरत होतं आणि मी ते ऐकायला जिवंत राहतो की नाही हे माहीत नव्हतं. गुरुजी तर एक अक्षर बोलत नव्हते. एवढी तत्त्वाची माणसं संतापली की अशीच गप्प होतात, असं मला वाटलं. खाली कितीही जावईबापू झालं तरी शेवटचा शब्द यांचा, आणि यांना आम्ही भर उरुसात आख्ख्या गावापुढं टांगलं होतं.

"ते पाणी कुठलं?" गुरुजींनी एकदम विचारलं.

"कुठलं पाणी?" मी डोळे मिटूनच विचारलं.

"समोर. टेकडीच्या पायथ्याला. भरलेलं आहे."

मी अंदाज बांधला. "पाझर तलाव असेल. दुष्काळात काम निघालं होतं. आई होती त्याच्यावर माती वाहायला. तिथं मजुरांना खायला सुकडी मिळायची, तिच्यावर तर आम्ही दिवस काढले."

 गुरुजी म्हणाले, "खालून दिसत नाही तो."

"नाही. खालून नुसता बांध दिसतो."

"इथून सगळा दिसतो," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज वर्गातला नव्हता. "बसल्याबिगर कसं सांगू म्हणाल्या त्या. बरोबर आहे."

मला पाळण्यात, डोळे मिटून, परक्या माणसाच्या तोंडून कळलं की माझी आई दरवर्षी वर जाऊन काय बघते.  डोळे उघडून बघावं असं फार वाटलं. उघडले नाहीत ते सोडा.

खाली अजून "तुमी आधी" चालूच होतं. शेवटी अण्णांनी चपला खाली ठेवल्या. सोसायटीत दोन संचालक एकाच खुर्चीवर अडून बसले की वापरायचा तोच आवाज त्यांनी लावला.

"दोघी एकदम उतरा. ह्या बाजूनं एक, त्या बाजूनं एक. पाय एका वक्ताला टेकवायचे. म्हणा एक, दोन, तीन!"

दोघी एकदम उतरल्या. मानपान राहिलं. आणि त्याच वेळी आमचा पाळणा खाली निघाला. चाँदभाईनं दोर धरला होता हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की पोट वर राहिलंय आणि बाकीचा मी खाली चाललोय. मी "आई गं!" म्हणून जी मिठी मारली, ती गुरुजींना मारली. दोन्ही हातांनी. पाळणा थांबला, लोक हसले, चाँदभाईनं "उतरा साहेब" म्हणून तीनदा सांगितलं, तरी मी गुरुजींच्या गळ्यातच होतो. त्यांची टोपी माझ्या मांडीवर पडली होती.

घरी येईपर्यंत गुरुजी टोपीवरची धूळ झटकत सगळ्यांच्या पुढं चालत राहिले. संपलं, असं मी मनाशी म्हणून टाकलं. आता कारखान्याच्या काट्यावरच म्हातारं व्हायचं. आईनं चहा आणला.  गुरुजींनी बशीत चहा ओतला, पूर्ण प्यायला, मिशा पुसल्या.

"सुपारी आणा," ते म्हणाले.

माझ्या जिवात जीव आला तो असा, की मी उठून उभा राहिलो आणि मग उभं राहून काय करायचं ते न सुचल्यानं पुन्हा बसलो. अण्णांनी लगबगीनं ताट आणलं. आईनं पदर तोंडाला लावला. मला ती हसते आहे की रडते आहे हे कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

लग्नानंतर गुरुजी दर उरुसाला उमरग्याहून एस.टी.नं यायला लागले. "लेकीला भेटायला आलो," असं दारातच सांगायचे, लेकीला उभ्या उभ्या भेटायचे आणि पाच मिनिटांत आईला म्हणायचे, "विहीणबाई, निघायचं?" मग दोघं पाळण्यात बसायचे (आता आई नि गुरुजी शेजारी, समोरच्या पाळण्यात वजनाला माई). अण्णा आणि मी खाली चपला सांभाळायचो. मी उघडपणे अण्णांच्या पक्षात गेलो होतो.

माझा बरीच वर्षं समज होता, की गुरुजींनी होकार दिला तो माझी कायम नोकरी बघून. एकदा मी तसं सुमनला बोलूनही दाखवलं. ती पोटभर हसली. सुपारी फुटली त्या रात्री गुरुजी घरी पोचल्यावर तिनं त्यांना भीत भीत विचारलं होतं, मुलगा कसा वाटला म्हणून. गुरुजींनी सदऱ्याची बाही वर करून मनगटावरचे माझ्या बोटांचे वळ तिला दाखवले. (ते पुढं हळदीपर्यंत टिकले.)

आणि म्हणाले, "भित्रा आहे. पण धरलं की सोडत नाही."