पाच खुंट्यांचं खुंटाळं

नांदूरघाटचे बद्रीनाथ सुतार तापट, पण हात सोन्याचा. दुष्काळाच्या साली गाव ऊसतोडीवरून परतलं, तेव्हा चंद्रभागाबाईंनी त्यांना चुलीजवळ चिमटा, झारा नि उलथणं टांगायला खुंटाळं सांगितलं. सुतारांनी वाळल्या लिंबाच्या फळीवर असे पोपट कोरले की बघतच राहावं. खुंट्या मात्र निघाल्या पाच.

"ह्या दोन जास्तीच्या कावून?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या कोयत्यांना."

"दादा, आमी नवराबायको मिळून एकच कोयता. घरात दोन असले तरी सहकारी कारखान्याच्या हिशोबात जोडप्याला एकच कोयता धरत्यात."

सुतार तडकले. "ऊस दोघं तोडता ना? मग कसला सहकार हाय तो?"

बाईंनी आधी आपला कोयता टांगला. मग नवऱ्याचा.