मधातली गोळी

हरणासाठी बंदुकीत कोणती गोळी भरावी, या एका प्रश्नाचा माझ्या बायकोच्या मामांनी जितका विचार केला, तितका अख्ख्या वऱ्हाडात कुणी स्वतःच्या लग्नाचाही केला नसेल. आणि एवढा विचार करून ज्याच्या हातून हरीण सोडा, साधी चिमणीही मेली नाही, असा बंदूकवालाही दुसरा सापडायचा नाही. घरात वडिलांपासून चालत आलेली ठासणीची बंदूक, पीक राखण्यासाठीचा रीतसर परवाना, नाल्याकाठी काळंभोर वावर, आणि त्या वावरातली तूर खायला रोज दिवस कलताना नेमानं हजर होणारा हरणांचा कळप. एवढी सगळी जुळवाजुळव असूनही मामांचं घोडं गोळीपाशी अडलं होतं ते अडलंच. हरीण मारलं तर तुरुंगाची हवा खावी लागते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण त्या धाकानं ते थांबले होते असं म्हणणं म्हणजे कायद्याला फुकटचं श्रेय देणं आहे. कायदा नसता तरी मामा वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तसेच उभे राहिले असते.

उभे, हे महत्त्वाचं. मामांना घरात वा वावरात बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. सकाळी उठल्यापासून त्यांच्या पायाला भिंगरी. चहाची बशी घेऊन गोठ्यात जातील, दाढीचा साबण गालावर घेऊन शेजाऱ्याच्या ओसरीवर पाऊसपाण्याची चौकशी करून येतील. जेवणही तसंच. ताट डाव्या हातात, पहिला घास स्वयंपाकघरात, दुसरा ओसरीवर, वरणभात फाटकापाशी. मामी बिचाऱ्या भाजीचं पातेलं घेऊन मागे मागे. "याईचं जेवण म्हणजे वरात हाय," त्या मला म्हणाल्या होत्या, "मले मागून वाढत फिरा लागते." मी एकदा आग्रह करून त्यांना पाटावर बसवलं, तर तिसऱ्या घासाला ते उठून कवाडाची कडी तपासून आले. पुन्हा त्या फंदात मी पडलो नाही.

मी मूळचा साताऱ्याकडचा. नोकरीनं अमरावतीत आलो आणि इथलाच जावई झालो. मामांचं गाव नांदगाव खंडेश्वरच्या पुढे थोडं आत आहे. लग्नानंतर पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा माझ्या डोक्यात पुरणपोळीचे बेत चालले होते. मामांनी दारातच हात धरला. "जवाईबापू, तुमी शिकलेले माणसं. मले सांगा, हलकी गोळी लागली तं जनावर जखमी होऊन फिरते, भारी लागली तं मरते. मले मधातली गोळी पाह्यजे. कुठी भेटन?" मी बूट काढण्यात गुंतलो होतो, त्यामुळे पहिलं सगळं सुटलं आणि 'मधातली गोळी' एवढंच कानावर पडलं. म्हटलं, वय झालंय, खोकला असेल, वैद्याची गोळी मधातून घेत असतील. पुढच्या खेपेला परतवाड्याहून जंगलातल्या मधाची बाटली आणली आणि मोठ्या ऐटीत त्यांच्या हातात ठेवली. मामांनी बाटली उजेडात धरून पाहिली, हलवली, आणि गंभीरपणे म्हणाले, "हे नळीत चिकटन ना बापू." मामींनी पदर तोंडाला लावला. वऱ्हाडात 'मधात' म्हणजे 'मध्ये', हे ज्ञान मला तेव्हा झालं, आणि शिकलेला माणूस म्हणून त्या घरात माझी जी काही पत होती ती तिथेच आटोपली.

तेव्हापासून मात्र मी त्या शोधात ओढला गेलो. इतर जावयांना सासुरवाडीला झोपाळा मिळतो, मला शिसं वितळवायची पळी मिळाली. ठासणीच्या बंदुकीचं सगळंच निवांत असतं. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चिंधी, मग गोळी, आणि प्रत्येक वेळी गजानं ठासायचं. एवढा वेळ हाताशी असल्यावर मामांसारख्या माणसाच्या डोक्यात विचार येणारच. ते गोळ्या घरीच ओतत, सोनाराकडून मागून आणलेल्या काट्यावर तोलत, ताटात गडगडवून कुठली वाकडी पळते ते पाहत. दिवसभर ठासलेली गोळी संध्याकाळी मन बदललं की उकरून काढत. पुतण्यानं मोबाइलवर कुठल्याशा गोऱ्या शिकाऱ्याचे व्हिडिओ लावून दिले. हिरवे कपडे घातलेला तो दाढीवाला टेबलावर गोळ्या मांडून तासन्‌तास इंग्रजी बोलायचा. मामांना त्यातला एक शब्द कळत नव्हता, पण ते फेऱ्या मारत मारत भक्तिभावानं पाहायचे. "आपल्यासारखाच हाय," ते मला म्हणाले, "एवढे डबे समोर हायेत, पण अजून ठरवूनच राह्यला."

एकदा दिवाळीनंतर मी त्यांच्यासोबत धुऱ्यावर बसलो होतो. म्हणजे मी बसलो होतो, मामा येरझाऱ्या घालत होते. ऊन उतरलं आणि कळप नाल्यातून वर आला. मामांनी श्वास रोखला. उजव्या खिशात हलक्या गोळ्या, डाव्यात भारी. "तो शिंगाचा नर दिसते का? त्याले ही बरी." ती बाहेर काढली. "थांबा, पुढं मादी आली. तिले ही भारी होते." ती आत गेली, दुसरी बाहेर आली. तिकडे तुरीची एक ओळ संपत आली होती. माझा जीव खालीवर होत होता, कारण ती तूर वर्षभराच्या वरणाची होती आणि मामींनी निघताना मला बजावलं होतं की याईले आज काहीतरी कराले लावजा. मामांनी तिसरी गोळी हातात घेतली, आणि पुन्हा खाली केली. "आता पिल्लू आलं मधात." पिल्लू मध्ये आलं, ते मध्येच राहिलं. कळपानं सावकाश जेवण उरकलं आणि तो आल्या वाटेनं परत गेला. मी वैतागून म्हणालो, "मामाजी, मारायचीच नसेल तर गोळी हवीच कशाला?" ते पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "मंग तूर खाऊ द्याची का समदी? अन् एवढ्या पातळ पायाच्या जनावरावर मारा तं काय मारा? सांगा ना." परत येताना ते माझ्या पुढे भराभरा चालत होते आणि एकदाही मागे वळले नाहीत.

या गोळ्यांनी कुणाला काहीच इजा केली नाही असं मात्र नाही. अकोल्याला नात्यातलं एक लग्न होतं. मामा मांडवभर फिरत होते, कुणीतरी जाता जाता त्यांच्या मुठीत अक्षता दिल्या, त्या त्यांनी सवयीनं कोटाच्या खिशात टाकल्या. मंगलाष्टकं संपली, सगळ्यांनी हात उचलले, मामांनीही खिशात होतं ते मूठ भरून उधळलं. खिशात छर्रे होते. नवरदेवाच्या काकांच्या टकलावर टण्‌ टण्‌ आवाज झाला आणि ते बँडवाल्याकडे रागानं पाहू लागले. मामांच्या बंदुकीतून जे कधी साधलं नाही ते त्यांच्या नुसत्या हातानं साधलं, आणि तेही भर मांडवात. आम्ही वरण घेण्याआधीच निघालो.

निवडणुका आल्या की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि हल्ली निवडणुकांना काही तोटा नाही. बंदूक गेली की मामा तिला भेटायला जायचे. सोबत तेलाची बाटली आणि मऊ फडकं. ठाण्यातला हवालदार म्हणायचा, "काका, आमाले एवढं कोणी भेटाले येत नाही." मामांचं ठाम मत होतं की हरणांना आचारसंहिता कळते. "बंदूक गेली का दुसऱ्या दिवशी सहकुटुंब येतात." बंदूक घरी असतानाही ती सहकुटुंबच यायची, पण हे त्यांना सांगायचं कोण?

शेवटी मामींचाच धीर सुटला. सलग तिसऱ्या हंगामात तुरीचे नुसते खुंट हाती आले तेव्हा त्या म्हणाल्या, "पुढच्या साली नाल्याकडची तूर घरी आली नाही, तं बंदूक सरकारजमा करा अन् वावर मक्त्यानं देऊन टाका. मले हे रोजचं ठासणं-उकरणं पाहवत नाही आता." मामा अंगणात एक फेरी मारून आले आणि सरळ स्वयंपाकघरातल्या डब्यांकडे वळले. शिशानं प्रश्न सुटत नाही, तर दुसरं काही तरी असेल. नुसती दारू उडवून झाली होती, पण त्या आवाजाची हरणांना सवय झाली होती, कान हलवून ती पुन्हा चरू लागत. अंगाला काहीतरी लागायला हवं, पण रक्त निघता कामा नये. खडेमीठ भरून पाहिलं, ते वाटेतच विरघळल्यासारखं नाहीसं झालं. तिखट भरलं त्या दिवशी दुर्दैवानं मी हजर होतो. वारा फिरला, आम्ही दोघं धुऱ्यावर डोळे चोळत शिंकत राहिलो, आणि कळप मान वर करून आमच्याकडे बघत राहिला. मामी म्हणायच्या, "याईच्या बंदुकीनं आजवर माझ्या डब्याईशिवाय कोणी मेलं नाही." मग एक दिवस मामांच्या हाताला बरबटी लागली. आमच्या साताऱ्याकडे चवळी म्हणतात ती. टणक, गुळगुळीत, चिमटीत धरायला साजरी. "लागली तं चावल्यावानी वाटन, बस," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. त्या हंगामात त्यांनी पोतंभर तरी बरबटी हरणांवर उडवली असेल. सगळी डोक्यावरून जाऊन नाल्यापलीकडच्या पडीत जमिनीत पडायची. नेम मुद्दामच वर धरलेला असे, हे मी शपथेवर सांगेन.

तूर गेली. मामांनी मामींचा शब्द पाळला. बंदूक जमा करायला मीच गाडीतून त्यांना घेऊन गेलो. सगळा रस्ता ती त्यांच्या मांडीवर होती. कागदावर सही केली, आणि निघताना परत फिरून हवालदाराला म्हणाले, "तिले उभी ठेवजा बावा. आडवी ठेवली तं गंजते." वावर शेजारच्या शेतकऱ्याला मक्त्यानं गेलं. पुढे मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून मुलानं दोघांना अमरावतीला आपल्या फ्लॅटवर आणलं. तिथे वॉकरच्या दांडीवर ताट टेकवून मामा हॉल ते बाल्कनी, बाल्कनी ते हॉल असे जेवायचे. मुलानं हौसेनं आणलेल्या डायनिंग टेबलावर औषधं ठेवलेली असत. हात मात्र सारखा खिशाकडे जायचा, आणि रिकामाच बाहेर यायचा. मला ते बघवत नसे, म्हणून मी आठवड्यातून एकदा जायचो आणि त्यांचं मन रमावं म्हणून उगाचच भांडण काढायचो.

महालक्ष्म्या जवळ आल्या तेव्हा गावचं घर झाडायला मामींना घेऊन मी गेलो. शेजारचा शेतकरी म्हणाला, जरा वावराकडं चला. आम्ही धुऱ्यावर गेलो. नाल्यापलीकडे, जिथे तरोट्याच्या तणाशिवाय कधी काही उगवलं नव्हतं, तिथे बरबटीचे वेल पसरले होते. अलीकडे निमुळते, पलीकडे रुंद होत गेलेले, बरोबर मामा उभे राहायचे त्या जागेच्या समोर. त्यात हरणांचा कळप गळ्यापर्यंत बुडून चरत होता. नाल्याच्या अलीकडे तूर कमरेला लागत होती, एक शेंडा खुडलेला नव्हता. "यंदा इकडं पाय नाही ठेवला त्याईनं," शेतकरी म्हणाला. तूर वाचली होती, फक्त ती आता मामींची नव्हती. मग त्या मला म्हणाल्या, "याईले सांगू नका. सांगतलं तं बंदूक वापस मांगतीन." आणि पदर खोचून, नाल्याच्या पाण्यातून पलीकडे जाऊन, त्यांनी ओटीभर कोवळ्या शेंगा तोडून आणल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जेवायला थांबवून घेतलं. मामांनी भाकरी-भाजीचं ताट वॉकरवर ठेवलं, घास घेतला, बाल्कनीकडे निघाले आणि मध्येच थांबले. "बरबटी कुठची?" मामी म्हणाल्या, बाजारातली. "बाजारात एवढी कवळी नसते." मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागलो. मला गप्प बसवणाऱ्या मामी डाव हातात घेऊन स्वतःच म्हणाल्या, "तुमचीच हाय. नाल्यापलीकडं उगवली. हरणं तिथंच चरून राह्यले, तुरीले तोंड नाही लावलं. लागली तुमची मधातली गोळी."

मला वाटलं, आता मामा ओरडतील, गाडी काढायला लावतील, ठाण्यात चला म्हणतील. मला आनंद होत होता आणि आतून वाईटही वाटत होतं, कारण बंदूक गेली होती, वावर गेलं होतं, आणि गोळी आता सापडली होती. मामांनी टेबलावरच्या औषधाच्या बाटल्या एका बाजूला सारल्या, ताट ठेवलं, खुर्ची ओढली आणि बसले. बसूनच जेवले. मामींना वाढायला कुठेही जावं लागलं नाही. अर्धी भाकरी झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"ते पिल्लू होतं का त्याईच्यात?"

"मोठं झालं आता," मामी म्हणाल्या आणि त्यांना आणखी भाजी वाढली.