वीणा खाली ठेवायची नसते

भक्तीवर चार ओळी लिहाव्यात, एवढीही माझी पात्रता नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घराण्यात शाळेच्या पुढे गेलेला मी पहिलाच. वर्ध्याच्या कॉलेजात शिकतो, तरी चांगल्या माणसांसमोर बोलताना अजून जीभ अडखळते. ज्यांनी जन्मभर नामस्मरण केले अशी मंडळी हे वाचतील, या विचाराने लिहिताना हात आखडतो. मला कसलाही साक्षात्कार झालेला नाही. एका दिवसाची हकीकत तेवढी माझ्यापाशी आहे. ती मनात ठेवून चैन पडत नाही, म्हणून लिहितो. अधिकउणे झाले तर पदरात घ्यावे.

परीक्षा आटोपून मी चैत्रात गावी आलो होतो. आमचे गाव समुद्रपूरच्या बाजूला, लहानसे. हनुमानजयंतीच्या आधी तिथे दरवर्षी नामसप्ताह बसतो. सप्ताहभर वीणा अखंड वाजती ठेवायची असते. ती जमिनीला टेकवायची नाही. एकजण ती गळ्यात घालून उभा राहतो, नाम घेतो, आणि दुसरा पहाऱ्यावर आला की त्याच्या गळ्यात देतो. देताघेताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचे. माझे वडील गावातले जुने विणेकरी. त्यांच्या उमेदीपासून आमच्या गावची वीणा कधी टेकली नाही, हा त्यांच्या बोलण्यातला एकच अभिमान.

त्या साली सप्ताहाला आलेल्या कीर्तनकारबुवांनी खऱ्या भक्ताची लक्षणे सांगितली होती. नाम घेताना त्याचा कंठ दाटतो, अंगावर रोमांच उभे राहतात, डोळ्यांतून आपोआप पाणी वाहते. ते ऐकल्यापासून माझ्या मनाला एक किडा लागला. कॉलेजात गेल्यापासून देवाविषयी नाना शंका येत होत्या. वाटले, पहाऱ्यावर उभे राहू तेव्हा काय ते कळेल. यातले एखादे लक्षण जरी अंगावर उमटले, तरी आपण अगदीच कोरडे नाही असे मानता येईल.

मला दुपारचा पहारा मिळाला. उन्हाची वेळ. टाळकरी जेवायला पांगलेले. मंडपावरची टिने तापून कडकड वाजत होती. मी वीणा छेडत होतो, नाम घेत होतो आणि सारा वेळ स्वतःकडेच पाहत होतो. घसा कोरडा पडला होता, पण तो उन्हाने. डोळे चुरचुरत होते, ते धुळीने. नाम घेताना मन परीक्षेच्या पेपरात जाई, तिथून घरी ताईकडे जाई. ताई, माझी थोरली बहीण, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सकाळी मी निघालो तेव्हा ती पाठ धरून भिंतीशी बसली होती. दिवस भरायला अवकाश आहे, असे आई म्हणाली होती.

माझ्यानंतर वडिलांचा पहारा होता. त्यांची वेळ टळून गेली. सावली मंडपाच्या खांबावरून खाली सरकली, तरी ते आले नाहीत. वडील पहाऱ्याला कधीच चुकत नसत. माझ्या मनात नको ते येऊ लागले. घरी जाऊन पाहावे म्हटले, तर गळ्यात वीणा. हाक मारावी, तर रस्त्यावर कुत्रेदेखील नाही.

तेवढ्यात सायकल आली. श्रावण होता. तो माझा शाळेपासूनचा सोबती, आता वर्ध्याला माझ्याच वर्गात. त्यांच्या वस्तीने बुद्धाचा धम्म घेतला, तेव्हापासून तो देवळाच्या बाजूला फिरकत नसे. त्याचे वडील पूर्वी सप्ताहाची दवंडी देत, पण देवळाच्या ओट्याखाली उभे राहून. श्रावणही आज ओट्याखालीच थांबला. घामाने भिजला होता.

“तू इथं काय करून राह्यला?” तो ओरडला. “तुह्या ताईले गाडीत घालून नेलं ना समुद्रपूरच्या दवाखान्यात! मले वाटेत भेटली गाडी. दाईनं हात टेकले म्हनते. ताई म्हने, श्रावन, माह्या भावाले धाड, मले त्याले पाह्यचं हाय. चाल, सायकल घे.”

मी विचारले, “अन् बाबा?”

“बाबाच तं गाडी हाकून राह्यले.”

म्हणजे वीणा घेणारा आता कोणी नव्हता. मी तसाच उभा. बोटे आपसूक तारेवर फिरत होती. श्रावणने वीणेकडे बोट दाखवले.

“ठेव ना ते खाली.”

“ठेवता येत नाई रे.”

“मंग काय उभाच राह्यतो? तिकडं बहीन मरून राह्यली!”

मला रडू यायला हवे होते, तेही आले नाही. श्रावणने सायकल ओट्याला लावली. क्षणभर खाली पाहिले आणि चढून वर आला.

“दे इकडं.”

मी घुटमळलो. त्याने ते लगेच ओळखले.

“काऊन? इटाळ होते?”

“नाई रे. तू नाव घेत नाईस म्हून...”

“नाव नाई घेनार. धम्म घेतला तवा मी तसं वचन देल्लं हाय. पाया बी नाई पडनार तुह्या देवाच्या. पन खाली नाई ठेवनार. कोनी येईपर्यंत उभा राह्यतो. तुह्यासाठी, समजलं? आता जाय लवकर, अन् चेन उतरते तिची, जपून हाकजो.”

मी वीणा त्याच्या गळ्यात घातली आणि रिवाजाप्रमाणे त्याच्या पायांना हात लावायला वाकलो. तो दचकून मागे सरला. “अबे, हे काय!” एवढेच म्हणाला. त्याचा चेहरा मला नीटसा पाहवला नाही. मी ओट्यावरून उडी टाकली.

वाटेत चेन खरेच उतरली, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. दोन्ही हात वंगणाने काळे झाले. तोंडाने नाम घ्यावे तर ताईच्या नावाशिवाय काही निघेना. मी सात-आठ वर्षांचा असताना तापाने फणफणलो होतो, तेव्हा ही ताई मला पाठुंगळी घेऊन ह्याच वाटेने चालत गेली होती. ऐन उन्हात, अनवाणी. तेव्हा तीही पोरच होती.

दवाखान्याच्या पायरीवर वडील बसले होते. मला पाहताच त्यांचा पहिला शब्द, “वीणा?”

“श्रावनापाशी देल्ली.”

त्यांनी मान वर केली, मग खाली घातली. रागावले की काय, कळेना. आत डॉक्टर आणि नर्सबाई होत्या. मूल आडवे आले आहे, वर्ध्याला हलवण्याइतका वेळ नाही, इथेच प्रयत्न करतो, असे डॉक्टरांनी मला सांगितले. वडिलांना त्यांची भाषा उमगली नव्हती. मी ती त्यांना सांगितली, पण अर्धीच. मला घटकाभर आत सोडले. ताईचे ओठ पांढरे पडले होते. माझे काळे हात पाहून ती कशीबशी हसली.

“तोंड काऊन असं केलं रे? पेपर कठीन गेला का?”

मी म्हणालो, “सोपा गेला.”

“मंग मी बी होतो पास,” ती म्हणाली, आणि तिला कळ आली. नर्सबाईंनी मला बाहेर काढले.

बाहेर आई भिंतीला टेकून पुटपुटत होती. म्हणाली, “बापू, तू बी नाव घे. तू शिकला, तुहं देव आयकल.” मी डोळे मिटले. काही केल्या मन ठरेना. आतून ताईचा आवाज आला की वाटे, आता संपले. आवाज थांबला की त्याहून वाईट वाटे. मी उठत होतो, अंगणातल्या कडुनिंबापर्यंत जात होतो, परत येत होतो. देवाला काय म्हणावे तेही सुचत नव्हते. मागणे मागण्याइतकी भक्ती आपल्यापाशी आहे का, याचाच हिशेब मन करीत होते, आणि त्या हिशेबाची मला किळस आली.

दिवस कलता गावाहून शेजारचे मारोतीकाका गाडी घेऊन आले. आईसाठी भाकरी बांधून आणली होती. वडिलांपुढे बसून तंबाखू मळत हळूच म्हणाले, “दादा, तिकडं निराळीच गंमत झाली. श्रावन अजून उभाच हाय वीणा घेऊन.”

“काऊन? कोनी घेतली नाई?”

“आता घ्यावं तं त्याच्या गळ्यातून घ्या लागते ना. पाया पडा लागते. समदे म्हतारे ओट्याखाली जमले. हा म्हनते तू घे, तो म्हनते तू घे. एकजन म्हने, ठेव रे पोरा तिथं पाटावर. तं तो म्हनते, मी जबान देल्ली, खाली ठेवनार नाई. पानी बी उभ्यानंच पेला. नाव घेत नाई, पन तार वाजवून राह्यला, बंद पडू नाई देल्ली.”

मारोतीकाका हसले. वडील हसले नाहीत. ते बराच वेळ आतल्या दाराकडे पाहत होते. आत त्यांची लेक होती, आणि त्या दारापलीकडे त्यांच्या हातून काहीच होण्यासारखे नव्हते. मग त्यांनी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला.

“मारोती, गाडी वळव,” ते म्हणाले. “पोरगं दुपारपासून उभं हाय. माहा पहारा हाय तो.”

आई म्हणाली, “अवो, पोरीले टाकून?”

“टाकून नाई. ज्याची हाय त्याच्या हवाली करून जातो.” आणि माझ्याकडे न पाहता, “तू हाय ना इथं.”

वीणा घेताना कोणाच्या पाया पडावे लागेल, हे वडिलांना माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. तरी ते उठले. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी पाहत राहिलो.

आणि तेव्हा, कसे ते सांगता येत नाही, माझी येरझार थांबली. मी पायरीवर बसलो. ताईची काळजी तेवढीच होती, ती काही कमी झाली नाही. पण दुपारपासून मी जे धरून बसलो होतो, ते माझ्या हातून सुटले होते आणि खाली पडले नव्हते. ज्याचा त्या देवावर विश्वास नाही, अशा एकाने ते उभ्या अंगावर पेलले होते, आणि आता वडील ते घ्यायला निघाले होते. बुवांनी सांगितलेले एकही लक्षण त्या दोघांच्या अंगावर दिसले नसते. मी देवाला नवस बोललो नाही. ताईला वाचव, असेही म्हणालो नाही. एवढेच म्हणालो की, मी इथे आहे, पुढचे तुझे. हीच भक्ती का, ते मला ठाऊक नाही. थोरामोठ्यांनी सांगावे. मात्र त्या दिवसापासून मी आपल्या डोळ्यांतले पाणी तपासत नाही, आणि श्रावणाचे ऋण कोणत्या शब्दांत मानावे ते मला अजून सुचलेले नाही. एकदा प्रयत्न केला, तर म्हणाला, “चेन दुरुस्त करून दे सायकलची, फिटलं.”

त्या संध्याकाळी दवाखान्यात कंदील लागला. आतला आवाज बंद झाला होता. आईने माझा हात घट्ट धरला. दार उघडून नर्सबाई बाहेर आल्या, पदराने कपाळ पुसत इकडेतिकडे पाहू लागल्या.

“भाऊ कोन हाय तिचा?” त्या म्हणाल्या. “पोरगी झाली, चांगली हाय. अन् तुही बहीन पानी मागून राह्यली. हात धू, अन् जाय, दे तिले.”