एकेचाळीस जणांना वीसपैकी वीस

बेचाळीस पेपर तपासून झाले आणि मी लाल पेन खाली ठेवलं. एकेचाळीस जणांना वीसपैकी वीस. बेचाळिसावा पेपर पूजाचा, तिला चार. कुठल्याही शिक्षिकेला आनंद व्हावा असा निकाल, पण मला घाम फुटला. कारण ही परीक्षा शिकवण्याआधीची होती. मुलांना यातलं काही येत नसणार, असं धरूनच घेतलेली.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. घरी इंटरनेट असणं ही अपूर्वाई होती आणि सायबर कॅफे गल्लोगल्ली होते, ती वर्षं. एका परदेशी विद्यापीठाचा एज्युकेशनल टेक्नॉलॉजीचा ऑनलाइन मास्टर्स मी घरबसल्या करत होते. घरबसल्या म्हणजे राजारामपुरीतल्या कॅफेत, पंख्याखालची खुर्ची मिळाली तर. हा कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स नाही, हे नातेवाइकांना सांगून मी थकले होते. कॉम्प्युटरवर धडा कसा रचायचा आणि त्याने मूल खरंच शिकलं का हे कसं मोजायचं, एवढाच तो विषय.

शेवटचा प्रोजेक्ट या मोजण्याचाच होता. आठवीसाठी मी विद्युत परिपथाचा एक प्रोग्रॅम केला होता. माऊसने वायरी ओढायच्या, बरोबर जोडल्या तर पडद्यावरचा बल्ब पेटायचा. आधी एक पेपर, म्हणजे पूर्वचाचणी. मग कॉम्प्युटर लॅबमध्ये चार तास. मग तशाच प्रश्नांचा दुसरा पेपर. दोन्ही मार्कांमधला फरक ही प्रोग्रॅमची कमाई. आता आधीच वीसपैकी वीस पडले तर फरक कुठून आणू? प्रोजेक्ट पाठवायला सतरा दिवस उरले होते. विद्यापीठाने मला एकदा मुदत वाढवून दिली होती, पुन्हा देणार नव्हतं. म्हणजे प्रोजेक्ट गेला की दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

पूजाला स्टाफरूममध्ये बोलावलं. पोरगी येतानाच रडवेली.

"बाई, मी मामाच्या लग्नाला चंदगडला गेलतो. सरांनी पाठ करून घेतलं तवा मी न्हवतो."

"कुठल्या सरांनी?"

"मोठ्या सरांनी."

मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक, चौगुले सर. शाळेतला कुठलाही पेपर त्यांच्या सहीशिवाय झेरॉक्सला जात नसे. माझाही सोमवारी त्यांच्या टेबलावर गेला होता. चाचणी शुक्रवारी. मधल्या तीन दिवसांत त्यांनी तेच केलं, जे आमच्या शाळेत तपासणी येणार म्हटलं की सगळेच करायचे. पाठ बसवून घेतला. साहेब काय विचारणार, कोण उठणार, काय उत्तर देणार, सगळं आधी ठरलेलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही एक पाठ असाच बसवला होता आणि शाबासकी घेतली होती. सरांच्या हिशेबी परदेशी विद्यापीठ म्हणजे तपासणीचा आणखी एक साहेब, जरा लांबून येणारा.

मी तडक त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, तुम्ही आठवी 'ब'ला माझा पेपर सांगितला?"

"सांगितला न्हाय बाई, घोटून घेतला!" सर खुशीत होते. "तीन दिवस माझं ऑफ तास मोडलं. कसं काय पडलं मार्क?"

"एकेचाळीस जणांना वीस, एकीला चार. सर, मुलांना यायला नको होतं!"

"यायला नको? मग पेपर कशाला काढलासा?"

"काय येत नाही ते बघायला."

"आणि ते परदेशात दाखवायचं व्हय?"

मी खुर्ची ओढून बसले. "सर, डॉक्टर औषध द्यायच्या आधी ताप बघतो की नाही? तुम्ही माझ्या पेशंटला आधीच गोळी देऊन टाकली."

सरांनी विचार केला. "मग बरंच झालं की. ताप उतरला." आणि वर म्हणाले, "ती एक पोरगी चार मार्क घेऊन बसलीया. तिचा पेपर काढून टाका. सरासरी बिघडतीया."

"अख्ख्या गठ्ठ्यात तेवढा एकच पेपर खरा आहे, सर!" माझा आवाज इतका चढला की ऑफिसातला क्लार्क दारात येऊन उभा राहिला.

स्टाफरूममध्ये गणिताच्या माने सरांनी सल्ला दिला, "कशाला डोस्क्याला ताप करून घेतासा? निम्म्या पोरांचं मार्क खाली ओढा. तिकडनं कोण येतंय बगाय?" मी विचार केला. खोटं कशाला सांगू, चांगला दहा मिनिटं केला. मार्कांचा कोरा तक्ताही समोर घेतला. पण असे तक्ते भरून भरूनच तर माझा जीव विटला होता. म्हणून तर हा कोर्स घेतला होता. तक्ता फाडला.

मग आठवी 'अ' घेतली. पेपर नवा, झेरॉक्स नाही, प्रश्न ऐन वेळी फळ्यावर. चौगुले सरांकडून लॅबची किल्ली आणि त्या वर्गात पाऊल न टाकण्याचा शब्द, दोन्ही घेतले. मुलांना म्हटलं, नाव लिहू नका, येत नाही ते कोरं सोडा. तरी एकाने विचारलंच, "बाई, कोरं सोडलं तर मारणार न्हाय न्हवं?" आणि कोरं सोडायला घाबरून निम्म्यांनी शेजाऱ्याचं बघून लिहिलं. शेजाऱ्यालाही येत नव्हतं. मी प्रत्येक बाकाशी जाऊन विनवण्या केल्या. चुकीचं लिहा, पण स्वतःचं लिहा, अशी विनवणी करणारी मी त्या शाळेतली पहिलीच असेन. सरासरी आली सहा.

लॅबचे चार तास झाले. त्यातले दोन लोडशेडिंगने खाल्ले, ते शनिवारी शाळा सुटल्यावर भरून काढले. दुसऱ्या पेपरची सरासरी अकरा. मला नाचावंसं वाटलं.

आता फक्त निकालाच्या फॉर्मवर मुख्याध्यापकांची सही हवी होती. दिवस शेवटचा.

"अकरा?" सरांनी चष्मा वर केला. "वीसातलं अकरा? शाळंचं नाव जाणार हाय ह्याच्यावर. चौदा तरी करा, मग सही."

"करणार नाही."

"मग मीबी करणार न्हाय."

भांडून उपयोग नव्हता, कॅफे सातला बंद व्हायचा. मी आवाज खाली आणला. "सर, हे मार्क मुलांचे नाहीत. माझ्या प्रोग्रॅमचे आहेत. अकराच पडले म्हणजे मी कमी पडले, शाळा नाही."

"म्हंजे चूक तुमची?"

"माझी."

सरांचा चेहरा खुलला. "मग आदी सांगायचं की तसं!" सही केली, शिक्का मारला. फॉर्मवर शेऱ्यासाठी एक चौकट होती. तिच्यात, आम्हा सगळ्यांच्या पाठांच्या टाचणवह्यांवर जे ते वर्षानुवर्षं लिहीत आले होते, तेच त्यांनी सुवाच्य मराठीत लिहिलं : 'शिक्षिकेने अधिक परिश्रम घ्यावेत.'

फॉर्म तसाच स्कॅन करून पाठवला. तिकडच्या माझ्या गाईडने मराठी ओळीचा अर्थ विचारला. मी खरा तो कळवला. दोन आठवड्यांनी ग्रेड आली, बी प्लस. खाली लिहिलं होतं, आकडे लहान आहेत पण विश्वास बसेल असे आहेत, आणि मुख्याध्यापकांच्या शेऱ्याशी मी सहमत आहे.

पदवी मिळाली. दोन वर्षांत पुष्कळ थिअरी शिकले, ती आता फारशी आठवत नाही. सरांच्या टेबलासमोर शिकले ते मात्र अजून रोज लागतं. खऱ्या आकड्यांवर सही हवी असेल तर चूक कुणाची ते आधी ठरवून द्यावं, आणि सहसा आपलंच नाव पुढे करावं.