तीन रेघांमागची सांबारवडी

वडनेरची तुमची आत्याआजी माझा फोन उचलेना. कापूस वेचायचे दिवस, शेतात असेल, असं आधी वाटलं. पण संध्याकाळीही तेच. मग तुमच्या आजोबांनी आपल्या फोनवरून लावला, तर पहिल्याच रिंगला उचलला. म्हणजे राग माझ्यावरच होता.

आजोबांनी स्पीकर चालू केला.

"वैनीनं माह्या तोंडून सारं लिहून घेतलं अन् टाकलं काईच नाई," ती आपल्या भावाला सांगत होती. "नुसतं सोताचंच लिहून राह्यली."

मी चकित झाले. तुमच्यासाठी ही वेबसाइट करायला घेतली, त्यात सगळ्यात मोलाचं तिचंच होतं. तुमच्या पणजीच्या हातची कोथिंबिरीचं सारण भरलेली सांबारवडी, सरगुंडे, पानगे आता घरात फक्त तिलाच जमतात. मापं तिच्याकडे नाहीत. फोनवर विचारून विचारून मी लिहून घेत होते, आणि अजून अर्धंही झालं नव्हतं. ती रुसली तर उरलेलं सगळं तिच्यापाशीच राहणार होतं.

मी फोन घेतला. "ताई, तुमचं सगळं टाकलंय हो. काय दिसतंय तुम्हाला?"

"तुमचा फोटो. खाली तुमचं लिवलेलं."

"आणि वर, कोपऱ्यात?"

"तीन रेघा हायेत. मोबाईल पडला होता मांगच्या हप्त्यात, काच गेली वाटते."

त्या रेघांवर बोट दाबायला सांगितलं. तिने दाबलं. मग, "अस्सं! माह्यं पेटीत घालून ठेवलं काय?"

जन्मभर दुकान चालवलेल्या आजोबांना हसू आवरेना. मला म्हणाले, "दुकानदाराची बायको, अन् माल पेटीत!"

मला मात्र कोडं पडलं. माझ्या लॅपटॉपवर तर 'आठवणी', 'खाणं', 'फोटो' हे तिन्ही मथळे वर एका ओळीत छान दिसत होते. मग तिच्याकडे कसे मिटले?

ही साइट तुम्ही मला उघडून दिलीत तेव्हा तिला एक तयार थीम होती. थीम म्हणजे साइटचा पोशाख: मजकूर आपला, रंग, अक्षरं आणि मांडणी थीमची. ती आपल्या मनासारखी करायला एक वेगळा पडदा असतो. डावीकडे काही बदलावं की उजवीकडे पान लगेच बदलतं. मी त्यात फार रमले. सूचना इंग्रजीत होत्या; शब्द सगळे कळत, पण कोणता शब्द पानावर काय करतो ते करून पाहिल्याशिवाय कळत नसे. हरभऱ्याच्या घाट्यांचा हिरवा रंग मिळवायला मी अख्खी दुपार घालवली होती. पण त्या पडद्याच्या तळाशी फोनचं एक बारीकसं चित्र आहे, त्याला कधी हात लावला नव्हता.

आता लावला. पान अरुंद झालं आणि माझी मथळ्यांची ओळ डोळ्यांदेखत मिटून तीन रेघा झाल्या. पुन्हा लॅपटॉपचं चित्र दाबलं, ओळ परत आली. चार-पाच वेळा उगीचच करून पाहिलं. रेघा म्हणजे यादी, हे पहिल्यांदा कोणाला सुचलं असेल? आणि बाकीच्यांना ते कोणी सांगितलं?

शोधता शोधता मथळ्यांच्या सेटिंगमध्ये प्रश्न सापडला: ही ओळ मिटवायची कधी? नेहमी, फक्त फोनवर, की कधीच नाही. मी 'कधीच नाही' निवडलं आणि ताईंना फोन केला. या वेळी उचलला.

"तशाच रेघा हायेत, वैनी."

माझ्यासमोर तर मथळे लख्ख दिसत होते! मग लक्षात आलं, 'पब्लिश' दाबेपर्यंत बदल फक्त मलाच दिसतो. दाबलं. तिला पान पुन्हा उघडायला लावलं.

"हं. दिसून राह्यलं." मग म्हणाली, "पण तुमच्या आठवणी पयले, अन् माह्यं खाणं मागं काऊन?"

मी निमूटपणे 'खाणं' ओढून पहिल्या जागी आणलं. पुन्हा पब्लिश.

"आता लिहून घ्या," ती म्हणाली. "त्या सांबारवडीत खसखस राह्यली होती."

"राहिली होती, की सांगितली नव्हती?"

"तुमाले लिवायचं हाये का भांडायचं?"

मी लिहून घेतलं. खसखस कोरडी भाजून, खोबऱ्याबरोबर सारणात. तुमच्यापैकी कोणी आधीच्या कृतीने वड्या केल्या असतील, तर पुन्हा करून पाहा.