सील लागलेल्या दारातला दिवा

आमच्याकडे देणं वर्षातून एकदाच चुकवायची रीत. न्हावी, लोहार, किराणावाला, सगळे थांबतात आणि माणसाच्या हाती आलं की घेऊन जातात. आम्ही ढिवर, तलावातली मासोळी धरणारे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सगळा मोहल्ला मिळून जाळी टाकतो, मच्छीमार सोसायटीकडून वाटा मिळतो, आणि वर्षाचा खरा पैसा तेवढाच. पावसाळ्यात मासोळीची वीण, तेव्हा जाळं खुंटीवर. हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बँकेला ठाऊक नव्हतं आणि तिनं कधी विचारलंही नाही.

बाईनं, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीनं, पक्क्या घरासाठी कर्ज काढलं. दोन खोल्या, पुढे ओसरी, वर स्लॅब. भाऊजींनी विटा स्वतः वाहिल्या, भिंतींवर पाणी स्वतः मारलं. उन्हाळ्यात वाटा मिळाला की ते धुतलेला शर्ट घालून तालुक्याला जायचे आणि पुढच्या पावसाळ्याचे हप्ते एकदमच भरून यायचे. मग नागभीडला, माझ्या सासरी, मला फोन. "साळीबाई, आता दिवाळीपर्यंत बँकेचं तोंड पाह्याचं काम नाई. भरून मोकळा झालो."

कुठले मोकळे. आगाऊ भरलेलं सगळं मुद्दलात वळतं झालं, त्यावरही कसलंसं शुल्क लागलं, आणि हप्ता दर महिन्याला मागितला जातच राहिला. खात्यात काही नाही म्हणून हप्ता परत, परत गेला म्हणून दंड, दंडावर कर, मोबाइलवर निरोप पाठवला त्याचेही पैसे. निरोप सगळे इंग्रजीत. भाऊजी फोन उघडून बघायचे आणि म्हणायचे, "बँकवाले पोहोच देऊन राह्यले." किती समाधानानं म्हणायचे ते.

माझं तोंड लहानपणापासून फटकळ. पण ज्या दिवशी जीप आली त्या दिवशी मी बाईकडेच आलेली होते आणि मीही नुसती बघत राहिले. थंडीचे दिवस होते. कोर्टाचा कागद, दोन पोलीस, वसुली एजन्सीची माणसं. भांडी, गोधड्या, जाळी सगळं अंगणात आणून ठेवलं, दाराला कुलूप घातलं, त्यावर कापड गुंडाळून लाखेचं सील मारलं. एकानं तर बाईला विचारलं, "अंदर आणखी काही राह्यलं काय?" तिनं नाही म्हणून मान हलवली. काय सांगणार होती?

दोघं तलावाच्या पाळीवर, बांधावर, राहायला गेली. तिथं मासोळीची राखण करायला एक झोपडी असते, पऱ्हाट्यांच्या, कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, कुडाची. तिथून घराचा स्लॅब दिसायचा. भाऊजी त्याच्याकडे पाठ करून बसायचे. थंडी त्यांच्या छातीत गेली, ताप उतरेना, आणि सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा सगळं हाताबाहेर गेलं होतं. मरणाच्या कागदावर डॉक्टरनं न्यूमोनिया लिहिलं. मी कोणाचं नाव घेणार? पण मला जे माहीत आहे ते माहीत आहे.

आमच्यात माणूस गेला की त्याच्या घरात दहाव्यापर्यंत दिवा ठेवतात. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी दिव्यापाशी पीठ पसरून टोपलं झाकायचं आणि सकाळी उचलून बघायचं. पिठात पाऊल उमटलेलं दिसलं की समजायचं, माणूस घरी येऊन, सगळं डोळ्यांखालून घालून सुखानं गेला. कोणाला चिमणीचं दिसतं, कोणाला लेकराचं. खरंखोटं मी बघत नाही. माझ्या आईच्या वेळी मला दिसलं होतं, एवढं सांगते.

जातीतले म्हातारे म्हणाले, दिवा झोपडीतच लावा, शेवटी निजला तिथंच. बाईनं ऐकलं नाही. "झोपडी मासोळीची हाय, त्याची नाई. त्याचं घर ते हाय. तो तिथीच येईन, आन अंदर अंधार दिसला त काय म्हणन?"

सुतकात बाईमाणूस उंबरा ओलांडत नाही. पण उंबराच बँकेकडे होता, त्याला काय करायचं. दुसऱ्या दिवशी बाई बँकेत जायला निघाली आणि तिच्यामागे सगळा मोहल्ला निघाला. तालुक्यात पोहोचेपर्यंत आणखी माणसं जुळली. बचत गटाच्या बाया आल्या, पेन्शनवाले एक मास्तर आले, बौद्ध मोहल्ल्यातली पोरं आली. प्रत्येकाच्या खात्यातून काही ना काही कापलं गेलं होतं. बँकेच्या काचेच्या दारात उभं राहायला जागा उरली नाही.

मॅनेजर तरुण होता, कुठल्या तरी लांबच्या गावाहून बदलून आलेला. घाबरलाच बिचारा. बाई काउंटरसमोर उभी राहिली. "साहेब, मले पैसे नाई पाह्यजे. घरही ठेवा तुमच्याजवळ. दहाव्यापर्यंत दार उघडून द्या. मी दिवा लावीन आन सकाळ-संध्याकाळ तेल घालून जाईन. कुलूप तुमचंच राहू द्या."

त्यानं ऐकून घेतलं, हे कबूल करायला हवं. म्हणाला, "माताजी, चाबी नागपूर की एजन्सी के पास है. मेरे हाथ में कुछ नहीं."

झालं, लोकांचं डोकं सणकलं. कोणी ओरडलं, "कापायले हात हाय, उघडायले नाई काय?" मास्तरांनी पासबुक नाचवलं, न मागता गळ्यात मारलेल्या विम्याचे पैसे परत मागितले. बचत गटाची अध्यक्ष काउंटरवर मुठी आपटत होती. मीही ओरडले, तोंडाला येईल ते बोलले, आणि खरं सांगते, जिवाला बरं वाटलं. किती दिवसांचं साचलेलं होतं. कोणी फोनवर व्हिडिओ काढत होतं, कोणी मुर्दाबाद म्हणत होतं.

मधेच बघितलं तर बाई भिंतीशी सरकली होती. तिच्या अंगावरून माणसं पुढे जात होती. तिनं माझा पदर ओढला. "दिव्याचं कोणी बोलूनच नाई राह्यलं व," ती म्हणाली. मी पुन्हा ओरडून सांगायला गेले, पण तेवढ्यात पोलीस आले. शेवटी अर्ज लिहून दिला, त्यावर शिक्का मिळाला, साहेबांनी वर कळवतो म्हटलं. लोक चहा पिऊन पांगले. जिंकल्यासारखेच बोलत होते सगळे.

वरून काही आलं नाही. बाई रोज संध्याकाळी जाऊन सील लागलेल्या दाराबाहेर, पायरीवर दिवा ठेवायची. वारा यायचा, ती आडोशाला हात धरून बसायची. दहाव्याच्या आदल्या दिवशी पायरीवरच पीठ पसरलं, टोपलं झाकलं, वर दगड ठेवला.

सकाळी म्हाताऱ्यांनी टोपलं उचललं. पीठ जसंच्या तसं होतं. मुंगीसुद्धा फिरकली नव्हती. मला वाटलं, आता बाई कोसळते. मी तिला धरायला गेले तर ती अगदी शांत आवाजात म्हणाली, "इथी कायले थांबन तो? घरमालक हाय. अंदर गेला असन. कुलूप आपल्याले हाय, त्याले थोडंच हाय."

म्हातारे नदीवर जायच्या तयारीला लागले. बाई मात्र तिथंच बसून राहिली. थोड्या वेळानं तिचा चेहरा बदलला.

"पण अंदर दिवा नाई ना," ती म्हणाली. "अंधारात एकटाच बसला असन व."

मग ती पायरीवर आडवी झाली आणि दाराखालच्या फटीतून दिवा आत सरकवायला लागली. फट बोटभरसुद्धा नव्हती. तेल सांडलं, वात विझली, तरी ती ढकलतच होती.